थरांचं हॅलोविन कॉकटेल नाशिकच्या मालावर: डाळिंब, संत्रं आणि रेड वाईन

द्राक्षवेल

थरांच्या कॉकटेलची कोणतीही पाकृ (पाककृती) उघडा, ब्लू क्युरासाव, ग्रेनाडिन, हिरवं मिंट लिकर अशी यादी पुढे येते. तीन-चार बाटल्यांचे पैसे मोजायचे, प्रत्येकीतलं दोन चमचे वापरायचं आणि उरलेलं वर्षभर कपाटात ठेवायचं. नाशिकमध्ये राहणाऱ्याला याची काहीच गरज नाही, हे सांगायला या मंचावर हा धागा काढतेय. हॅलोविनला लागतो नारिंगी आणि काळा. नारिंगी संत्र्यात आहे, आपल्या शिराझ या रेड वाईनला उंच ग्लासात जवळजवळ काळा रंग येतो, आणि तळाच्या लालासाठी सटाणा-देवळ्याचं डाळिंब आहेच. ग्रेनाडिन म्हणजे मुळात डाळिंबाचा पाक. दुकानातल्या बऱ्याच बाटल्यांत मात्र डाळिंब नसतंच, नुसती साखर, रंग आणि वास असतो. लेबल वाचून बघा.

थर का होतात हे एकदा कळलं की पाकृ पाठ करावी लागत नाही. साखरेने द्रव जड होतो, अल्कोहोलने हलका होतो. जड खाली, हलका वर. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्रत्येकाचं १०० मिली मोजलं की सगळं समजतं. घरचा डाळिंबाचा पाक १२५ ग्रॅमच्या आसपास भरतो, संत्र्याचा रस १०४, साधं पाणी १००, ड्राय (म्हणजे गोड नसलेली) रेड वाईन ९९ आणि व्होडका ९५. म्हणजे वाईन पाण्यापेक्षाही किंचित हलकी. तिला रसावर तरंगायला एवढं पुरतं.

एका उंच, सरळ, साधारण ३५० मिलीच्या ग्लाससाठी:

डाळिंबाचा पाक २० मिली
संत्र्याचा गाळलेला रस ९० मिली
व्होडका ३० मिली
साखर चहाचे दोन चमचे
ड्राय रेड वाईन ६० मिली
बर्फ ग्लास भरून

रस, व्होडका आणि साखर एका भांड्यात साखर विरघळेपर्यंत ढवळा. ही साखर गोडीसाठी नाही. व्होडका घातल्यावर रस हलका होतो, १०० मिलीचं वजन १०२ वर येतं, आणि वरची वाईन त्यात उतरायला लागते. दोन चमचे साखरेने ते परत १०४ वर जातं. ही पायरी बहुतेक ठिकाणी दिलेलीच नसते, आणि मग नारिंगी आणि काळ्याच्या मध्ये मातकट पट्टा येतो.

ग्लासात आधी पाक ओता, कडांना लागू न देता, बरोबर मध्यात. मग बर्फ काठोकाठ भरा. चमचा उलटा धरून त्याचं टोक ग्लासच्या आतल्या बाजूला टेकवा आणि रसाचं मिश्रण त्याच्या पाठीवरून सोडा. पाक थोडा हलतो, पण जड असल्यामुळे पुन्हा खाली बसतो. वाईनला मात्र खरा धीर धरावा लागतो. चमचा रसाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकलेला हवा आणि धार दोऱ्याएवढी. पहिले दोन-तीन चमचे वाईन नीट पसरली की पुढची आपोआप तिच्यावरच जाते, मग हात थोडा सैल सोडला तरी चालतं.

रस, वाईन, पाक, सगळं आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये. एक कोमट आणि एक गार असलं की दोन्ही एकमेकांत फिरायला लागतात.

फोटो झाला की हलवून प्या. न हलवता प्यायलं तर पहिल्या घोटाला नुसती वाईन आणि शेवटी नुसता पाक. थरांचं कॉकटेल चांगलं की वाईट हे मी हलवल्यानंतरच्या चवीवर ठरवते. हे हलवलं की संत्र्याच्या सांग्रियाच्या, म्हणजे फळं घातलेल्या वाईनच्या, जवळ जातं, डाळिंबाचा तुरटपणा मागे राहतो. निळ्या-हिरव्या लिकरांची जी मिश्रणं दिसायला झकास असतात, त्यातली कित्येक हलवल्यावर खोकल्याच्या औषधासारखी लागतात.

तुमच्याकडे कोणी घरच्या मालावर असं काही करत असेल तर जरूर लिहा.

रानवारा

वाचनखूण साठवली. पार्टी आमच्याकडेच आहे, इंदिरानगरला. एक शंका. चमच्याच्या पाठीवरूनच का? वरून हळू ओतलं तर नाही चालणार?

द्राक्षवेल

रानवारा, वरून पडणाऱ्या धारेला वेग असतो. ती कितीही बारीक असली तरी खालच्या थरात घुसते, आणि घुसली की मिसळते. चमच्याच्या पाठीवर तो वेग मरतो आणि द्रव आडवा पसरतो. चमचा नको असेल तर बर्फाच्या मोठ्या खड्यावर ओता, काम तेच होतं. मेडिकलमधून सुई नसलेली २० मिलीची सिरिंज आणलीत तर आणखी सोपं, टोक ग्लासच्या भिंतीला लावून हळूहळू दाबायचं.

बागलाणी

ताई, डाळिंबाचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आमची बाग सटाण्याजवळ आहे, घरात हा पाक वर्षातून दोनदा तरी होतो.

फळ भगवा जातीचंच घ्या. आतून दाणा गर्द लाल, बी मऊ. घेताना सालीचा रंग बघून फसू नका, ऊन लागलेली बाजू कच्च्या फळातही लाल दिसते. पूर्ण पिकलेल्या डाळिंबाला पैलू पडतात, म्हणजे गोलाई जाऊन बाजू चपट्या होतात, आणि हातात घेतलं की आकाराच्या मानाने जड लागतं. अशा फळात रस भरपूर.

आडवं कापून, अर्ध पालथं हातावर धरून पाठीवर पळीने ठोकायचं, दाणे मोकळे होतात. पांढरा पापुद्रा एकही राहू देऊ नका, कडवटपणा त्याचाच. मिक्सरला दाणे सलग फिरवले तर बी दळली जाते आणि रस तुरट, गढूळ होतो. दोन-तीन झटके द्या, लगेच मलमलच्या फडक्यात बांधून पिळा. फळ मोठं असलं तर दोन-तीन डाळिंबांत पाव लिटर रस निघतो.

पाव लिटर रसाला पाव किलो साखर. स्टीलच्या पातेल्यात, ॲल्युमिनियम नको, आंबट रस आहे. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ठेवायचं, उकळी येऊ द्यायची नाही. उकळला की लाल रंग विटकरी होतो आणि ताज्या फळाचा वास जातो. उतरवून अर्धं लिंबू पिळा, रंग लगेच खुलतो. गार झाल्यावर दोन थेंब गुलाबपाणी. काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये, दोन आठवडे बिनघोर.

रानवारा

बागलाणी दादा, साखर कमी केली तर? घरी मधुमेह आहे.

बागलाणी

साखर निम्म्यावर आणलीत तरी पाक रसापेक्षा जडच राहील, म्हणजे तळाला बसेल. फक्त टिकणार नाही, चार-पाच दिवसांत संपवा. पण दादा, ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी या ग्लासात संत्र्याचा रस आहे, दारू आहे. नुसत्या पाकातली साखर कमी करून फार काही साधणार नाही.

सोमेश्वर_कट्टा

उत्तम धागा. मी वाईनच्या धंद्यात आहे, गंगापूर धरणाच्या बाजूला. वाईनबद्दल थोडं सांगतो.

कॉकटेलसाठी महाग बाटली फोडू नका. ओकच्या पिंपात मुरलेली रिझर्व्ह वाईन संत्र्याच्या रसात घालणं म्हणजे तिची किंमत वाया घालवणं. त्यातला लाकडाचा वास आणि आंबट रस यांचं जमतही नाही. तरुण, फळाच्या चवीची, साधी शिराझ किंवा शिराझ-कॅबर्ने घ्या. रंग शिराझलाच गडद येतो. पिनो न्वार पातळ दिसते, काळा थर मिळणार नाही.

लेबलवर ड्राय लिहिलेलं बघा. आपल्याकडे रेड वाईन म्हणून पोर्टच्या नावाने गोड वाईन खूप खपते, ती या कामाची नाही. लेट हार्वेस्टही नाही, तिच्यात साखर मुद्दाम राखलेली असते.

अवांतर, बाहेरगावचे पाहुणे ऑक्टोबरअखेरीस येतात आणि द्राक्षं खायला बागेत चला म्हणतात. या दिवसांत बागांत गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) चाललेली किंवा नुकती उरकलेली असते, वेलीवर नुसत्या काड्या आणि फुटवे. वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. त्यामुळे हॅलोविनला ताज्या काळ्या द्राक्षांचा रस घ्या असं लिहिलेली पाकृ नाशकात चालत नाही. आपल्यासाठी त्या वेळी द्राक्ष म्हणजे बाटलीतलं, नाहीतर मनुका.

चिंचपाणी

सोमेश्वर_कट्टा, पोर्टचं तुम्ही लिहिलंत ते आधी वाचायला हवं होतं! घरात गोड पोर्ट होती, काल सहज करून पाहिलं. अगदी चमच्यावरून ओतली तरी रसातून सरळ खाली गेली आणि पाकाच्या वर जाऊन बसली. वर नारिंगी, मध्ये जांभळट. दिसायला वाईट नव्हतं, पण काळा थर काही मिळाला नाही.

द्राक्षवेल

चिंचपाणी, तुमच्या ग्लासने सगळं समजावून दिलं. गोड पोर्टमध्ये साखर इतकी असते की ती रसापेक्षा जड होते. मग तिला वर ठेवायचा प्रयत्नच करू नये. पाक, त्यावर पोर्ट, त्यावर रस आणि व्होडका, पण या वेळी रसात साखर घालायची नाही. लाल, जांभळा, नारिंगी असा चढता क्रम चांगला दिसेल. नवी बाटली घरी आली की लेबलवरच्या नावापेक्षा काट्यावर विश्वास ठेवा. स्वच्छ मेजरिंग कप ठेवून काटा शून्यावर आणा, १०० मिली ओता, आकडा बघा. जास्त आकडा तळाला.

हेच गणित बाजारच्या लिकरांनाही लागू पडतं. कॉफी लिकर, त्यावर आयरिश क्रीम, त्यावर संत्र्याचं लिकर, हे बी-५२ नावाच्या कॉकटेलचे तीन थर. तिन्हींत अल्कोहोल आहे, तरी कॉफी लिकर खाली राहतं, कारण साखर त्यात सर्वांत जास्त. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात कॉफीनंतर प्यायचं पूस-काफे नावाचं थरांचं पेय होतं, तेही यावरच उभं होतं. फक्त क्रीमचं लिकर संत्र्याच्या किंवा लिंबाच्या रसाजवळ नेऊ नका, आंबटाने ते फाटतं. हॅलोविनला काही लोक मुद्दाम फाडून मेंदूसारखं दाखवतात. मला ते प्यायला नको वाटतं.

जुना_गंगापूर_नाका

कृती छान आहे, शंका नाही. पण मनापासून विचारतो, आपल्याकडे दिवाळी जेमतेम होते तोवर हा परका सण कशाला? भुताखेतांचे मुखवटे घालून दारू पिण्यात सण कुठला? आपल्याकडे पितरांसाठी अख्खा पंधरवडा आहे, आणि तो किती गांभीर्याने पाळतात.

शरणपूरकर

जुना_गंगापूर_नाका, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आमच्यासाठी १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, आणि हॅलोविन म्हणजे त्याची आदली संध्याकाळ. २ नोव्हेंबर मृतांचा दिवस. आम्ही कॅथलिक त्या दिवशी कबरस्तानात जातो. घरातले सगळे मिळून आजी-आजोबांची कबर धुतो, वर झेंडूच्या पाकळ्या पसरतो, मेणबत्त्या लावतो, फादर येऊन प्रार्थना करतात. लहानपणी शेजारच्या काकू आमच्यासाठी फुलं निवडून द्यायच्या, त्यांच्या घरी नुकताच पितृपक्ष होऊन गेलेला असायचा. त्यांना यात काहीच परकं वाटलं नाही.

मुखवटे आयर्लंड-स्कॉटलंडकडून अमेरिकेत गेले, तिथे भोपळे आले आणि मग सगळं जगभर. आमच्या घरात तो भाग कधी नव्हता. पण सोसायटीतली पोरं नटून दारात येतात तेव्हा मी खाऊ देते, आणि मोठ्यांनी एकत्र बसून एखादं सुंदर पेय केलं तर त्यात मला काही गैर दिसत नाही. २ तारखेला मात्र आमच्याकडे शांतता असते.

जुना_गंगापूर_नाका

ताई, २ नोव्हेंबरचं मला ठाऊक नव्हतं. मनापासून आभार. आपल्या गावातच आहे आणि इतकी वर्षं कळलं नाही.

गोकर्णी

लहान मुलं आणि न पिणाऱ्यांसाठी काय? माझ्याकडे एक आहे आणि ते या वाईनच्या ग्लासपेक्षा जास्त रंगीत आहे, असं मी ठामपणे म्हणेन. निळ्या गोकर्णाची फुलं. पंचवटीत कित्येक घरांच्या कुंपणावर वेल चढलेला असतो. देवाला वाहतात तीच फुलं. फक्त फवारणी न केलेली आणि रस्त्याच्या धुळीपासून लांबची घ्या.

दहा-बारा ताजी फुलं, हिरवे देठ काढून, धुऊन १०० मिली गरम पाण्यात दहा मिनिटं. देठ राहिले तर पाण्याला गवतासारखा वास येतो. पाणी गर्द निळं होतं. गाळून पूर्ण गार करा, साखर अजिबात घालायची नाही. दुसरीकडे लिंबाचं सरबत नेहमीपेक्षा गोड करा. एका ग्लासला दोन मोठे चमचे साखर आणि एक लिंबू. ग्लासात सरबत, बर्फ, आणि चमच्याच्या पाठीवरून निळं पाणी. सरबत गोड म्हणून जड, निळं पाणी बिनसाखरेचं म्हणून वर. मधल्या रेषेवर जिथे लिंबाचा आंबटपणा निळ्याला भेटतो तिथे जांभळा थर आपोआप तयार होतो, तो आपण ओतलेलाच नसतो. हलवलं की सगळा ग्लास गुलाबी-जांभळा.

फुलातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आंबट लागलं की रंग बदलतं. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना, तसंच, फक्त इथे उलट्या बाजूने, आम्लाने. मुलांसमोर हलवा, त्यांची तोंडं बघण्यासारखी असतात.

मोठ्यांसाठी हीच फुलं सुकवून व्होडकात किंवा जिनमध्ये दोन-तीन तास ठेवली की तीही निळी होते आणि सरबतावर आणखी सहज तरंगते. व्हाईट वाईनमध्ये घालू नका, वाईन स्वतःच आंबट असते, निळा रंग टिकतच नाही.

द्राक्षवेल

गोकर्णी ताई, अनुमोदन. डाळिंबाचा पाक तुमच्या सरबताच्याही खाली बसेल. लाल, पिवळसर, जांभळा, निळा, आणि एक थेंब दारू नाही. मुलांच्या टेबलावर आता हेच.

स्टेथो

व्यवसायाने डॉक्टर आहे. चार गोष्टी सांगणं मला भाग आहे.

काळ्या रंगासाठी ॲक्टिव्हेटेड चारकोल घालायचं फॅड आहे. घालू नका. विषबाधेत आम्ही तो पोटातलं औषध शोषून घ्यायला देतो, पार्टीत तो तुमची रोजची औषधंही तशीच शोषून घेईल. गर्भनिरोधक गोळ्या, हृदयाच्या गोळ्या, काहीही. धाग्यातला वाईनचा काळा थर याला उत्तम पर्याय आहे.

धुरासाठी कोरडा बर्फ ग्लासात टाकू नका. तो उणे ७८ अंश सेल्सिअसचा असतो, तुकडा तोंडात किंवा घशात गेला तर ऊती जळतात. धूर हवाच असेल तर ग्लासपासून लांब, परातीत गरम पाणी घेऊन त्यात, जाड हातमोज्यांनी, खिडक्या उघड्या ठेवून आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. बंद डब्यात कधीही ठेवू नका. त्याचा वायू होतो आणि डबा फुटतो.

या ग्लासात किती दारू आहे तेही लिहितो. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्होडकाचे ३० मिली म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. १३ टक्क्यांच्या वाईनचे ६० मिली म्हणजे ६ ग्रॅम. एकूण १६, म्हणजे दीड लहान पेगहून थोडं जास्त. गोडीमुळे ते कळत नाही आणि लोक सरबतासारखं पितात. यजमानाने हे आधी सांगावं.

गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा रक्ताच्या १०० मिलीत ३० मिलिग्रॅम आहे. एका ग्लासने लहान चणीच्या माणसाची ती ओलांडली जाऊ शकते. गंगापूर रोडवरून रात्री घरी जाणाऱ्यांसाठी रिक्षा किंवा टॅक्सी आधीच ठरवा.

रानवारा

डॉक्टर, धन्यवाद, कोरड्या बर्फाची ऑर्डर द्यायच्या बेतात होतो. आता देत नाही. सोसायटीतल्या कॉलेजच्या पोरांनाही गोकर्णाचाच ग्लास. आपल्या राज्यात स्पिरिटसाठी वयाची अट २५ आणि बिअरसाठी २१ आहे, हे अनेक आईवडिलांनाही माहीत नसतं.

आता खरा प्रश्न. वीसेक पाहुणे आहेत. एकेक ग्लास चमच्याने ओतत बसलो तर मी पार्टीत कधी येणार? आणि आपल्या संत्र्याचा रस इतका फिकट का येतो?

द्राक्षवेल

रंगाचं आधी. या दिवसांत येणारं नागपुरी संत्रं आंबिया बहाराचं, बऱ्याचदा साल हिरवट आणि रस पिवळट. चार संत्र्यांच्या रसाला अर्ध्या गाजराचा गाळलेला रस पुरतो. नारिंगी खुलतो आणि गाजराची चव कळत नाही. गर मात्र काढायलाच हवा, बारीक गाळणीतून आणि मग फडक्यातून. गर राहिला तर तंतू वाईनमध्ये वर येतात आणि थराची कड फाटल्यासारखी दिसते. मोसंबी वापरू नका. रंग नाही, आणि तिचा रस थोडा वेळ ठेवला की कडवट होतो. पार्टीला तेवढा वेळ जातोच.

वीस ग्लासांचं असं करा. पाहुणे यायच्या आधी सगळ्या ग्लासांत पाक घालून ग्लास ट्रेसकट फ्रीजमध्ये. रस, व्होडका आणि साखरेचं मिश्रण एका जगमध्ये तयार, तेही गार. वीस ग्लासांना रस १.८ लिटर, व्होडका ६०० मिली, वाईन १.२ लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्यांत थोडी उरेल. माणसं आली की बर्फ आणि जगमधलं मिश्रण एकाने घालायचं, वाईन दुसऱ्याने. वाईनवाल्या माणसाला दुसरं काहीही काम देऊ नका. खरं तर पाहुण्यांनाच चमचा द्या, स्वतःचा थर स्वतः ओतायला लोकांना फार आवडतं.

ओतून मात्र ठेवू नका. बर्फ वितळलेलं पाणी वाईनपेक्षा जड, ते काळ्या थरातून खाली झिरपतं आणि रेषा पुसट होत जाते. ओतलं की हातात द्यायचं.

चिंचपाणी

सोडा घातला तर? आणि त्या चमकणाऱ्या ड्रिंकचं काय असतं?

सोमेश्वर_कट्टा

सोड्याचे बुडबुडे वर येताना खालचा थर सोबत घेऊन येतात. थरांच्या ग्लासात सोडा नाही.

चमकतं ते टॉनिक वॉटर. त्यातल्या क्विनाइनवर अतिनील दिवा पडला की निळी झाक येते. गोकर्णी ताईंच्या ग्लासशेजारी वेगळ्या बशीत नुसतं टॉनिक ठेवून वर तसला दिवा लावा, सजावटीला छान.

आजीची_पाटी

सजावटीचं माझ्याकडून. डब्यातली लिची निथळून घ्यायची, पोकळीत एक काळा मनुका दाबून बसवायचा. हुबेहूब डोळा. लाकडी काडीत दोन ओवून ग्लासवर आडवे ठेवायचे. लिची वाईनमध्ये बुडवू नका, तिचा गोड पाक सुटतो आणि थरातून लाल-काळे ओघळ उतरतात. तसे ओघळ हवे असतील तर मात्र मुद्दाम बुडवा, हॅलोविनला तेही शोभतं!

काठाला साखर लावायची असेल तर त्यात सुकवलेल्या बिटाची पूड मिसळा. आधी लिंबाची फोड काठावरून फिरवायची म्हणजे साखर धरते.

रानवारा

आजी, लिचीचा डबा आणलाच. काल रात्री रंगीत तालीम म्हणून घरच्यांसाठी दोन ग्लास केले. बागलाणी दादांनी सांगितलेला पैलूदार डाळिंबाचा पाक, गाजर घातलेला रस आणि सोमेश्वर कट्ट्यांची शिराझ. तीन थर सुरीने कापल्यासारखे वेगळे. बायकोला हलवल्यानंतरची चव जास्त आवडली, मला दालचिनीची कमी वाटली. रसात दालचिनी घातली तर थराला धक्का लागेल का?

द्राक्षवेल

पूड नको, ती तरंगते. पाक गरम असताना त्यात दालचिनीचा बोटभर तुकडा टाका आणि गार झाल्यावर काढून घ्या. चव उतरेल, थर स्वच्छ राहील. दोन लवंगाही चालतील, त्याहून जास्त नको.

बागलाणी

आणि पाक उरला तर फेकू नका हो. पाण्यात घालून सरबत होतं. आमच्याकडे पोरं थंड दुधात घालून पितात, पण दूध आणि पाक दोन्ही बर्फासारखं गार हवं आणि लगेच प्यायचं, नाहीतर लिंबामुळे फाटतं. सटाण्याकडे आलात तर दुधातला आमच्या घरीच चाखा.